दुसऱ्याचा डाव सावरणारा होयट विल्हेम

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे आजही परकाच आहे. क्रिकेटच्या या दूरच्या भावंडातील बेब रूथसारखे एखाददुसरे नाव आपल्या कानांवरून गेलेले असते, पण त्यापलीकडे आपली ओळख सहसा जात नाही. त्यामुळे ‘रिलीफ पिचर’ होयट विल्हेम हे नाव मराठी वाचकाला अपरिचित वाटले तर नवल नाही. अमेरिकेत मात्र हे नाव एका मोठ्या बदलाशी कायमचे जोडले गेले आहे. जे काम करणाऱ्याला अर्धवट, उरलासुरला खेळाडू मानले जाई, त्या कामाला विल्हेम यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. ती मिळवताना त्यांच्या आयुष्याची तीस-चाळीस वर्षे गेली.

प्रथम हे काम समजून घेतले पाहिजे. बेसबॉलचा सामना साधारणपणे नऊ डावांचा असतो. चेंडू फेकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यात साडेसाठ फुटांचे अंतर असते व चेंडू टप्पा न पडता थेट येतो. सामना ज्याच्या हातून सुरू होतो तो ‘स्टार्टर’. तो दमला अथवा त्याला चोप बसू लागला, की व्यवस्थापक त्याला बाहेर काढतो आणि मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाच्या जागेत ताटकळत बसलेल्या दुसऱ्या पिचरला बोलावतो. हाच रिलीफ पिचर. क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाला थांबवून काही षटकांनी पुन्हा आणता येते. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणजेच रिलीफ पिचर येतो तेव्हा बहुधा डाव बिघडलेला असतो. बिघडवणारा निघून गेलेला असतो आणि सावरण्याची जबाबदारी मात्र येणाऱ्यावर असते. विल्हेम यांनी हे काम एक-दोन नव्हे, तर २१ हंगाम केले.

वृत्तपत्रातील एक छायाचित्र

जेम्स होयट विल्हेम यांचा जन्म २६ जुलै १९२२ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हंटर्सव्हिल येथे झाला. वडील दुसऱ्याची जमीन कुळाने कसणारे शेतकरी. घरात अकरा भावंडे. अशा घरात मुलाने खेळाडू व्हावे यासाठी कोणी शिक्षक नेमणे शक्यच नव्हते.

होयटला गुरू भेटला तो वर्तमानपत्रात. वॉशिंग्टन सिनेटर्स संघाचा पिचर डच लेनर्ड हा ‘नकलबॉल’ नावाचा एक विलक्षण चेंडू टाकण्यासाठी प्रसिद्ध होता. लेनर्ड चेंडू कसा धरतो हे दाखवणारे छायाचित्र शाळकरी होयटच्या पाहण्यात आले. आपल्या अंगी वेगवान चेंडू टाकण्याची ताकद नाही, हे या मुलाला लवकर उमगले होते. त्याने टेनिसचा चेंडू घेतला आणि छायाचित्राबरहुकूम बोटे ठेवून सराव सुरू केला. पुढील अर्धशतक ज्या विद्येवर त्याने उपजीविका केली, तिचा ओनामा असा झाला.

न फिरणारा चेंडू

‘नकल’ म्हणजे बोटांचे सांधे. आरंभीच्या काळात काही पिचर बोटे दुमडून सांध्यांनी हा चेंडू धरीत, त्यावरून हे नाव पडले. विल्हेम तो बोटांच्या टोकांनी, नखे रोवून धरीत. मनगटाला झटका न देता तो हलकेच ढकलायचा, जेणेकरून त्याला फिरकी जवळजवळ मिळणारच नाही.

फिरकीची थोर परंपरा असलेल्या आपल्या देशात हे उफराटे वाटेल. चेंडू जितका फिरेल तितका फलंदाज फसेल, हे आपल्या अंगवळणी पडलेले गणित आहे. नकलबॉलचे गणित निराळे. सतत फिरणाऱ्या चेंडूवर हवेचा परिणाम एकाच रीतीने होत राहतो, त्यामुळे त्याचे वळण अनुभवी फलंदाजाला ताडता येते. जवळजवळ न फिरता जाणाऱ्या चेंडूची शिवण मात्र कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला येते. शिवणीजवळून वाहणारी हवा दिशा बदलते आणि चेंडू डगमगत, हेलकावे खात येतो. तो कोणत्या क्षणी कुठे वळेल हे फलंदाजाला कळत नाही, ते झेलणाऱ्या कॅचरला कळत नाही आणि खरे सांगायचे तर टाकणाऱ्यालाही कळत नाही. वेगवान चेंडूच्या मानाने तो बराच मंद असतो. त्यामुळे खांदा व कोपर यांच्यावर ताण कमी पडतो. विल्हेम यांच्या दीर्घ कारकिर्दीचे एक रहस्य येथे आहे.

या चेंडूविषयी जाणकारांचे मत मात्र फारसे चांगले नव्हते. ज्यावर स्वतः टाकणाऱ्याचा ताबा नाही, त्या चेंडूवर सामना कसा सोपवायचा, असा प्रश्न संघचालकांना पडे. नकलबॉल ही उतारवयातील पिचरने पोटासाठी शिकायची युक्ती मानली जाई. सुरुवातीपासून केवळ तिच्यावर विसंबणारा तरुण हा व्यावसायिक क्रीडाजगताच्या दृष्टीने अजब प्राणी होता.

पाठीतला तुकडा

१९४२ मध्ये विल्हेम यांनी मूर्सव्हिल या छोट्या गावाच्या संघातून व्यावसायिक खेळाला आरंभ केला. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची उतरंड मोठी असते. सर्वांत वर दोन ‘मेजर लीग’ आणि त्यांच्याखाली कनिष्ठ साखळ्यांच्या अनेक पायऱ्या. मूर्सव्हिल अगदी खालच्या पायरीवर होते. तो एक हंगाम झाला आणि दुसऱ्या महायुद्धाने त्यांना ओढून नेले.

पुढची तीन वर्षे सैन्यात गेली. १९४४ च्या डिसेंबरमध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम व लक्झेंबर्गच्या आर्डेन जंगलात शेवटचा मोठा हल्ला चढवला. ‘बॅटल ऑफ द बल्ज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भीषण लढाईत विल्हेम जखमी झाले. जखमी सैनिकांना दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ पदक त्यांना मिळाले. तोफगोळ्याचा एक तुकडा त्यांच्या पाठीत राहिला तो राहिलाच. पुढची सारी कारकीर्द ते हा तुकडा शरीरात बाळगून खेळले. सैन्यातील हुद्द्यावरून पुढे सहकारी त्यांना ‘ओल्ड सार्ज’ म्हणू लागले.

युद्धावरून परतल्यावर त्यांनी पुन्हा मूर्सव्हिलचीच वाट धरली. १९४६ आणि १९४७ या दोन्ही हंगामांत त्यांच्या नावावर वीस किंवा त्याहून अधिक विजय जमा झाले. न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना आपल्या यंत्रणेत घेतले खरे, पण वरचे दार उघडेना. जॅक्सनव्हिल, मिनियापोलिस अशा शहरांच्या कनिष्ठ संघांतून आणखी काही वर्षे गेली. बरोबरीचे खेळाडू एक तर वर गेले किंवा खेळ सोडून घरी परतले. विल्हेम चेंडू टाकत राहिले.

येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. त्यांच्या कारकिर्दीत सर्व नोंदींमध्ये जन्मवर्ष १९२३ असे छापले जाई. ते प्रत्यक्षात १९२२ असल्याचे बऱ्याच उशिरा उघड झाले. कनिष्ठ साखळीत तिशीकडे झुकलेल्या पिचरच्या दृष्टीने एक वर्षही थोडेथोडके नसते.

२९ व्या वर्षी पदार्पण

एप्रिल १९५२ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, विल्हेम अखेर मेजर लीगमध्ये आले. जायंट्सचे व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्यांना स्टार्टर न करता रिलीफ पिचर म्हणून वापरण्याचे ठरवले. सामन्याच्या उत्तरार्धात, वेगवान चेंडूंना डोळे सरावलेले असताना समोर एकाएकी हा डगमगता चेंडू आला की फलंदाज गोंधळून जात.

२३ एप्रिल रोजी बोस्टन ब्रेव्हजविरुद्ध ते मेजर लीगमध्ये प्रथमच फलंदाजीस उभे राहिले आणि त्यांनी चक्क होमरन मारला. संपूर्ण कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला फलंदाजीच्या ४३२ अधिकृत संधी आल्या. त्यांत दुसरा होमरन कधीच झाला नाही. दैवाने सुरुवातीलाच हात सैल सोडून मग मूठ आवळून घ्यावी, तसा हा प्रकार.

चेंडू टाकण्याच्या बाबतीत मात्र दैव आखडले नाही. त्या पहिल्याच हंगामात ते ७१ सामन्यांत उतरले. त्यांपैकी एकाही सामन्याची सुरुवात त्यांनी केली नव्हती. १५ विजय आणि ३ पराभव अशी त्यांची कामगिरी झाली. पिचरची गुणवत्ता मोजण्याचे मुख्य परिमाण म्हणजे ‘अर्न्ड रन ॲव्हरेज’. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून नऊ डावांमागे पिचरने किती धावा दिल्या, याची ही सरासरी असते. ती जितकी कमी तितके चांगले. विल्हेम यांची सरासरी २.४३ होती आणि ती त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सर्वोत्तम ठरली. नवोदित आणि तोही केवळ रिलीफ पिचर असलेल्या खेळाडूने स्टार्टर मंडळींना मागे टाकावे, हे अपूर्व होते. सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मात्र ब्रुकलिन डॉजर्सच्या जो ब्लॅक यांना मिळाला व विल्हेम दुसऱ्या क्रमांकावर राहिले.

१९५४ मध्ये त्यांनी १२ सामने जिंकले, चार गमावले आणि २.१० अशी सरासरी राखली. जायंट्सने त्या वर्षी वर्ल्ड सीरिजमध्ये क्लीव्हलँडला चार विरुद्ध शून्य असे नमवले. १११ सामने जिंकून आलेल्या क्लीव्हलँडचा हा पराभव अनेकांना अनपेक्षित होता. विल्हेम दोन सामन्यांत संघाच्या मदतीला धावले. एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीत वर्ल्ड सीरिजमध्ये खेळण्याचा योग त्यांना हा एकदाच आला.

यांकीजला एकट्याने रोखले

यशाचे दिवस फार टिकले नाहीत. पुढील दोन हंगामांत कामगिरी घसरली आणि १९५७ च्या प्रारंभी जायंट्सने त्यांना सेंट लुईस कार्डिनल्सकडे धाडले. त्याच वर्षी तेथून ते क्लीव्हलँडला गेले. ऑगस्ट १९५८ मध्ये क्लीव्हलँडनेही त्यांना सोडून दिले आणि बाल्टिमोर ओरिओल्सने उचलले. वय ३६, दीड वर्षात चौथा संघ. अशा खेळाडूविषयी काय बोलले जात असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

त्यानंतर एका महिन्याच्या आत, २० सप्टेंबर १९५८ रोजी, बाल्टिमोरने त्यांना न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध स्टार्टर म्हणून उतरवले. मिकी मँटलसारखे फलंदाज असलेला यांकीज हा त्या काळातील सर्वांत बलाढ्य संघ होता. समोरचा पिचर होता डॉन लार्सन. १९५६ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये एकाही फलंदाजाला बेसवर न पोहोचू देण्याचा पराक्रम याच लार्सनने केला होता. रिमझिम पावसात झालेल्या या सामन्यात विल्हेम यांनी संपूर्ण नऊ डाव टाकले आणि यांकीजच्या एकाही फलंदाजाला ‘हिट’ मिळू दिली नाही. बेसबॉलमध्ये यास ‘नो-हिटर’ म्हणतात. बाल्टिमोरचा कॅचर गस ट्रायंडोस याच्या होमरनमुळे सामना १-० असा निकाली झाला. मेजर लीगच्या कारकिर्दीत विल्हेम यांनी सामन्याची सुरुवात करण्याची ही अवघी नववी वेळ होती.

१९५९ मध्ये बाल्टिमोरने त्यांना बहुतांशी स्टार्टर म्हणूनच वापरले. त्यांनी पहिले नऊ सामने ओळीने जिंकले आणि हंगामाअखेर २.१९ या सरासरीसह अमेरिकन लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. दोन्ही लीगमध्ये हा मान त्यांनी पटकावला, एकदा रिलीफ पिचर म्हणून आणि एकदा स्टार्टर म्हणून. स्टार्टरची कुवत नसलेला माणूस रिलीफ पिचर होतो, या समजाला याहून चोख उत्तर असू शकत नाही.

कॅचरची परवड

या यशाची किंमत मात्र दुसऱ्याच कोणाला मोजावी लागत होती. फलंदाजामागे बसणारा कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षकच. त्याच्या हातून चेंडू निसटून मागे गेला आणि धावपटू पुढे सरकले, तर ‘पास्ड बॉल’ म्हणून त्याच्या नावावर चूक लिहिली जाते. जायंट्सच्या रे कॅट यांच्या हातून १९५४ मध्ये विल्हेम चेंडू टाकत असताना एकाच डावात असे चार चेंडू निसटले. १९५९ मध्ये बाल्टिमोरच्या कॅचर मंडळींच्या नावावर हंगामभरात ४९ पास्ड बॉल लागले. त्यांतील ३८ एकट्या विल्हेम यांच्या चेंडूंवर.

यावर बाल्टिमोरचे व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी शक्कल लढवली. त्यांनी कॅचरसाठी नेहमीपेक्षा बराच मोठा हातमोजा बनवून घेतला आणि मे १९६० मध्ये तो वापरात आणला. चेंडू निसटण्याचे प्रमाण घटले. पुढे त्या दशकातच नियमांद्वारे हातमोज्याच्या आकारावर मर्यादा घालण्यात आली. एका पिचरच्या चेंडूपायी खेळाचे साहित्य बदलावे आणि मग नियमही बदलावा लागावा, असे क्वचितच घडते.

चाळिशीनंतरची पाच वर्षे

१९६३ च्या जानेवारीत विल्हेम शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेले. त्यांचे वय तेव्हा ४० होते. येथून जे घडले, ते खेळाच्या इतिहासातील एक आश्चर्य आहे. १९६४ ते १९६८ या पाच हंगामांत त्यांची सरासरी अनुक्रमे १.९९, १.८१, १.६६, १.३१ आणि १.७३ होती. सलग पाच वर्षे दोनपेक्षा कमी, आणि तीही वयाच्या ४२ ते ४६ या टप्प्यात. ज्या वयात खेळाडू समालोचन करू लागतात, त्या वयात हा माणूस आपल्या मुलांच्या वयाच्या फलंदाजांना चकवत होता.

याच काळात त्यांनी आपली विद्या पुढच्या हाती सोपवली. १९६७ मध्ये व्हाइट सॉक्समध्ये आलेल्या विल्बर वुड या डावखुऱ्या पिचरला त्यांनी नकलबॉलवरच संपूर्ण भिस्त ठेवण्याचा मार्ग दाखवला. वुड यांनी पुढे १९७१ पासून सलग चार हंगामांत प्रत्येकी वीस किंवा त्याहून अधिक सामने जिंकले. स्वतः विल्हेम यांना कोणी गुरू लाभला नव्हता. वर्तमानपत्रातील छायाचित्रावरून मिळवलेले ज्ञान त्यांनी समोरासमोर बसून दुसऱ्याला दिले, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जुलै १९६८ मध्ये त्यांनी आपला ९०७ वा सामना खेळून सर्वाधिक सामन्यांत चेंडू टाकण्याचा सी यंग यांचा विक्रम मोडला. मे १९७० मध्ये अटलांटा ब्रेव्हजकडून खेळताना एक हजार सामने पूर्ण करणारे ते पहिले पिचर ठरले. त्यानंतर शिकागो कब्ज, पुन्हा अटलांटा आणि अखेर लॉस एंजेलिस डॉजर्स असा प्रवास झाला. १० जुलै १९७२ रोजी ते शेवटचा सामना खेळले. २१ जुलै रोजी डॉजर्सने त्यांना मुक्त केले. पन्नासावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. एकूण नऊ संघ, १,०७० सामने, १४३ विजय, १२२ पराभव आणि २.५२ सरासरी. १,०७० पैकी केवळ ५२ सामन्यांची सुरुवात त्यांनी केली होती. रिलीफ पिचर म्हणून मिळवलेले १२४ विजय हा विक्रम त्यांच्याच नावावर राहिला.

वहीत नसलेला रकाना

एवढी कामगिरी असलेल्या खेळाडूचे न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन येथील ‘हॉल ऑफ फेम’मध्ये विनासायास स्वागत व्हायला हवे होते. तसे झाले नाही. क्रीडा पत्रकारांच्या मतदानात किमान ७५ टक्के मते मिळवावी लागतात. १९७८ मध्ये विल्हेम प्रथम पात्र ठरले आणि मते कमी पडली. पुढील प्रत्येक वर्षी तेच. १९८४ मध्ये तर केवळ १३ मते कमी पडली.

याचे कारण विल्हेम यांच्या उणिवेत नव्हते, मोजपट्टीत होते. पिचरची थोरवी विजयांच्या संख्येवर मोजण्याची पद्धत होती आणि विजय बहुधा स्टार्टरच्या खात्यावर जात. संघाची निसटती आघाडी टिकवून सामना संपवणाऱ्या पिचरला श्रेय देणारी ‘सेव्ह’ ही नोंद शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६० च्या सुमारास रूढ केली. तिला अधिकृत मान्यता मिळाली १९६९ मध्ये. तोपर्यंत विल्हेम यांची सर्वोत्तम वर्षे सरली होती. ज्या कामात त्यांनी आयुष्य वेचले, त्यासाठी हिशेबाच्या वहीत रकानाच नव्हता. जुन्या धावपत्रकांवरून मागाहून मोजदाद झाली, तेव्हा त्यांच्या नावावर २२८ सेव्ह निघाले.

अखेर १९८५ मध्ये, आठव्या वर्षी, ८३.८ टक्के मते मिळवून विल्हेम हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. तेथे स्थान मिळवणारे ते पहिले रिलीफ पिचर. तोपर्यंत ते न्यूयॉर्क यांकीजच्या कनिष्ठ संघांतील तरुण पिचरना घडवण्याच्या कामात रमले होते. ज्या संघाला त्यांनी एकदा निष्प्रभ केले होते, त्याच संघासाठी त्यांनी प्रशिक्षक म्हणून सुमारे दोन दशके काम केले. २३ ऑगस्ट २००२ रोजी फ्लोरिडातील सॅरासोटा येथे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सर्वाधिक सामन्यांचा त्यांचा विक्रम डेनिस एकर्सली यांनी १९९८ मध्येच मागे टाकला होता.

आणखी एक नोंद मात्र त्यांच्या निधनानंतर काही महिने तशीच राहिली. १९५८ मध्ये विल्हेम यांनी यांकीजला हिटविना रोखल्यानंतर ४४ वर्षे तसे करणे कोणालाही जमले नव्हते. ११ जून २००३ रोजी ह्यूस्टन ॲस्ट्रोजने ते साधले. त्या दिवशी ह्यूस्टनचा स्टार्टर रॉय ऑस्वाल्ट दुखापतीमुळे दुसऱ्याच डावात बाहेर पडला होता. उरलेले काम एकामागून एक आलेल्या पाच रिलीफ पिचरनी पुरे केले. २०१९ मध्ये मारियानो रिव्हेरा या रिलीफ पिचरला हॉल ऑफ फेमसाठी शंभर टक्के मते मिळाली. असा एकमुखी कौल त्यापूर्वी बेब रूथ यांच्यासह कोणालाच मिळाला नव्हता.

बिघडलेला डाव सावरणाऱ्याचे नाव धावफलकावर ठळक अक्षरांत क्वचितच येते. बेसबॉलपुरते सांगायचे तर ते येऊ लागले आहे आणि त्यामागे कुळाने शेती करणाऱ्याच्या या मुलाचे २१ हंगाम आहेत.